रेंज आहे, पण आवाज पोहोचेल का?

6 डिसेंबरला मानवतहून दादरला गेलेल्या बहुतेकांना हा अनुभव आहे. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण गर्दीत चुकलेल्या सोबत्याला फोन लागत नाही. "नेटवर्क जाम आहे" म्हणून आपण विषय सोडून देतो. या जाममागचे कारण मात्र चळवळीतल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

फोन लावला की मोबाइल आधी टॉवरकडे जागा मागतो. ही मागणी जाण्याची वाट मर्यादित असते. एकाच वेळी हजारो फोन मागणी करू लागले की वाटच तुंबते. गर्दीत हे नकळत घडते, पण ते मुद्दामही घडवता येते. एसएमएस आणि कॉलची जोडणी एकाच वाटेने होते, त्यामुळे एसएमएसचा मारा करून शहरातले कॉल रोखता येतील, हे अमेरिकेतील संशोधकांनी 2005 मध्येच हिशेब मांडून दाखवले होते.

फोर-जीतही धोका राहिला. अल्ताफ शेख, रविशंकर बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवले की बनावट टॉवर फोनला "तुला सेवा नाही" असा निरोप देऊ शकतो. ओळख पटण्याआधी आलेला हा निरोप फोन खरा मानतो आणि गप्प बसतो. फोन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत मालकाला पत्ताही लागत नाही. दक्षिण कोरियातील कैस्ट संस्थेच्या संशोधकांनी 2019 मध्ये फोर-जीतल्या आणखी 36 नव्या त्रुटी उघड केल्या.

तिसरा मार्ग सरकारी आदेशाचा. मराठा आंदोलनावेळी फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या शेजारच्या जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद केले गेले. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी स्पष्ट केले आहे की असे आदेश जाहीर करावे लागतात आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही.

प्रत्येक वेळी रेंज गेली की कट शोधायचा, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकदा कारण गर्दी, वीज किंवा तुटलेली केबल एवढेच असते. पण डिसेंबर 2024 आठवा. 10 तारखेला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, 11 तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. 15 तारखेला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा दिवसांत फोनच मुका झाला, तर कोणाला ताब्यात घेतले हे घरच्यांना आणि वकिलाला कळणार कसे? आणि अफवा खोडणार कोण?

आपली सगळी संघटना आज एका व्हॉट्सॲप ग्रुपवर उभी आहे. ती सवय बदलू या. वकील, डॉक्टर आणि प्रत्येक वस्तीतल्या दोन कार्यकर्त्यांचे नंबर कागदावर लिहून विहारात ठेवा. सगळ्यांचे सिम एकाच कंपनीचे नको. गर्दीत कॉलऐवजी छोटा एसएमएस करा. रेंज अचानक गेली तर फोन बंद करून चालू करा. फोन लागलाच नाही तर कुठे आणि किती वाजता जमायचे, हे आधीच ठरवा. सेवा आदेशाने बंद झाली असेल, तर त्या आदेशाची प्रत लेखी मागा.

मोबाइल नव्हता तेव्हाही वस्तीवस्तीत निरोप पोहोचत होता. तो माणसांनी पोहोचवला होता. माणसांची ती साखळी तुटू न देणे आपल्या हातात आहे.