दुय्यम पात्रांचे वकील

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं जमलेल्या भाचरांमध्यें जेवणाच्या पानावर एक वाद जुंपला आणि तो हात धुवून झाल्यावरहि मिटेना. वाद राजकारणाचा नव्हता, परीक्षेचाहि नव्हता. 'लेजंड ऑफ झेल्डा' या जपानी खेळमालिकेंतील कोणत्या दुय्यम पात्रास स्वतंत्र खेळ मिळावयास हवा, हा वादाचा विषय होता. एक म्हणे मिडना, दुसरा म्हणे इंपा, आणि धाकट्या भाचीनें तर खलनायक गॅनन्डॉर्फ याचेंच वकीलपत्र घेतलें. आम्ही प्रथम हंसलों, मग ऐकत बसलों. आणि ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानांत आलें कीं, या मुलांचा विषय नवा असला तरी त्यांची चूक आमच्या चांगल्या ओळखीची आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'नें 1967 सालीं कर्णाला गादीवर बसविलें, तेव्हांपासून प्रत्येक उपेक्षिताला स्वतंत्र कादंबरी हा जन्मसिद्ध हक्कच आहे, असें मराठी घरांत मानलें जाऊं लागलें आहे.

व्हिडिओ-गेमसारख्या विषयानें या पृष्ठांत शिरावें हें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्या कथेंत घरांतील मुलें शंभर शंभर तास रमतात तिचा नायक कोण असावा, हा प्रश्न वडील मंडळींनीं क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याजोगा खास नाहीं.

मुलांच्या युक्तिवादाची तऱ्हा मोठी मौजेची होती. अमकें पात्र इतकीं वर्षें मालिकेंत आहे. अमक्यावर लोकांचें प्रेम फार. अमक्यावर फार अन्याय झाला. सबब त्यास प्रमुख भूमिका द्या. जणूं नायकत्व ही कचेरींतील बढती आहे, आणि सेवेचीं वर्षें भरलीं कीं ती आपोआप पदरांत पडावी! आमचा विरोध आहे तो या समजुतीला. दुय्यम पात्रांचा कैवार घेणाऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. किंबहुना त्यांच्यांतल्या एकीचा कैवार आम्ही स्वतःच पुढें घेणार आहों. परंतु वकिलानें प्रथम आपल्या अशिलाला काय हवें आहे हें तरी विचारावें.

ज्यांस ही मालिका ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. निंटेंडो कंपनीनें ती 1986 सालीं सुरू केली. शिगेरु मियामोतो हे तिचे जनक. राजकन्येचें नांव त्यांनीं अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड याच्या पत्नीच्या नांवावरून घेतलें. म्हणजे मालिकेच्या कपाळावर नांव झेल्डेचें. पण खेळणाऱ्याच्या हातीं येतो तो हिरव्या टोपीचा लिंक नांवाचा मुलगा. आमच्या माहितीचे एक गृहस्थ अद्यापि त्या मुलालाच झेल्डा म्हणतात, आणि त्यांना दोष देणें कठीण आहे.

झेल्डेची हकीकत पाहिली म्हणजे कोणालाहि संताप यावा. 1998 सालच्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्यें ती सात वर्षें शीक नांवाच्या योद्ध्याच्या वेषांत शत्रूला हुलकावणी देत हिंडते. वेष उतरवून ती राजकन्या म्हणून समोर आली मात्र, त्याच घटकेला शत्रूनें तिला स्फटिकांत कोंडलेंच. 2002 सालच्या 'विंड वेकर'मध्यें टेट्रा नांवाची चांचे लोकांची तरणीताठी पुढारीण आहे. साऱ्या गलबतावर तिचा दरारा. पुढें ती झेल्डेची वंशज आहे असें उघडकीस येतें, आणि लागलीच तिला झगा नेसवून बुडालेल्या राजवाड्यांत सुरक्षित बसविण्यांत येतें. नांव मिळालें कीं पाय बांधले जावयाचे, हा या मालिकेंतील जणूं दंडकच. 2016 सालीं निर्माते एइजी आओनुमा यांस झेल्डेला नायिका कां करीत नाहीं असें पत्रकारांनीं विचारलें, तेव्हां राजकन्याच लढूं लागली तर लिंकनें करावयाचें काय, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. तीस वर्षें राजकन्येनें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनास शिवला नव्हता!

आणि याच घरांत टिंगल नांवाच्या इसमाचें काय झालें तें पाहा. हा पस्तीस वर्षांचा प्रौढ गृहस्थ हिरवा घट्ट पोशाख करून, आपण परी आहों अशा भ्रमांत नकाशे विकीत फिरतो. 2000 सालीं 'माजोराज मास्क'मध्यें तो प्रथम दिसला. आणि 2006 सालीं जपानांत त्याच्या नांवाचा स्वतंत्र खेळ निघालादेखील. त्यांत कोणाशीं चार शब्द बोलावयाचे तरी आधीं रुपी मोजावे लागतात. (रुपी हें हायरूल देशाचें रत्नरूपी नाणें, आपल्या रुपयाचें इंग्रजी स्पेलिंगहि नेमकें तेंच आहे, हा योगायोग आम्हांस वर्गांत फार उपयोगीं पडला.) सहा वर्षांच्या उमेदवारीवर टिंगल नायक झाला, ज्या राजकन्येच्या नांवानें दुकान चालतें तिला अडतीस वर्षें थांबावें लागलें. 1993 सालीं फिलिप्सच्या सी-डी-आय यंत्रासाठीं परक्या मंडळींनीं परवाना घेऊन केलेल्या एका खेळांत ती नायिका होती, हें खरें. पण तो मूळ घरचा मान नव्हे.

आतां आमचे भाचे म्हणतील, मामा तर आमच्याच बाजूचे निघाले! थोडें थांबावें. टिंगलला खेळ मिळाला तो त्याच्या योग्यतेमुळें नव्हे, तर त्याच्यापाशीं एक स्वतःची कृति होती म्हणून: घासाघीस. नाटकांतील पात्र आपल्या बोलण्यांत असतें, कादंबरींतील आपल्या मनांत. खेळांतील पात्र हें त्याच्या क्रियापदांत असतें. लिंक मारतो, चढतो, ढाल पुढें करतो. दुसऱ्या कोणास त्याच्या जागीं बसवावयाचें तर त्याचें क्रियापद कोणतें, हा पहिला प्रश्न. त्याच्यावर अन्याय किती झाला, हा फार पुढचा.

याचा उत्तम दाखला त्याच कंपनीच्या दुसऱ्या घरांत आहे. मारिओचा धाकटा भाऊ लुइगी हा 1983 सालापासून थोरल्या भावाच्या सांवलींत उभा. 2001 सालीं 'लुइगीज मॅन्शन'मध्यें त्याला प्रमुख भूमिका मिळाली. पण त्याला दुसरा मारिओ करण्याचा मोह निर्मात्यांनीं टाळला. लुइगी भित्रा आहे, हीच त्याची मिळकत धरून त्यांनीं त्याला भुतांनीं भरलेल्या वाड्यांत लोटलें आणि हातीं शस्त्र दिलें तें केर ओढण्याच्या यंत्राचें. त्या खेळांत एक कळ अशी आहे कीं ती दाबली असतां लुइगी नुसता "मारिओ!" अशी हांक मारतो. हांकेनें दार उघडत नाहीं, भूत पळत नाहीं. जसजशी त्याची शक्ति खचते तसतशी हांक अधिक केविलवाणी होते, इतकेंच. साऱ्या खेळांत आम्हांस आवडली ती ही कळ. पुढें 2014 सालीं कॅप्टन टोड नांवाच्या चिमुकल्या पात्रास स्वतंत्र खेळ मिळाला. त्याच्या पाठीवरचें ओझें इतकें जड कीं त्याला उडी मारतां येत नाहीं. आणि ज्या कुळांत उडी हाच कुलधर्म त्या कुळांतल्या या पोरासाठीं सगळे रस्ते नव्यानें आंखावे लागले. उणीव हेंच भांडवल झालें.

2024 सालीं 'एकोज ऑफ विस्डम' निघाला, आणि झेल्डा अखेर नायिका झाली. दिग्दर्शनांत तोमोमी सानो या बाईंचा वाटा होता. या मालिकेंत स्त्रीनें दिग्दर्शन करण्याची ती पहिलीच वेळ. झेल्डेला क्रियापदहि चांगलें मिळालें: जी वस्तु तिनें पाहिली, शिकली, तिची ती प्रतिकृति उभी करते. पलंगावर पलंग रचून ती भिंत ओलांडते, हरलेल्या शत्रूची प्रतिमा उभी करून तिच्याकडून दुसऱ्या शत्रूला हरविते. ही विद्येची लढाई आहे, आणि मालिकेंत झेल्डेचा अंश पहिल्यापासून विद्येचाच मानलेला आहे. येथवर आम्ही टाळ्या वाजवूं.

पण निर्मात्यांचें काळीज येथें दोनदां कचरलें. एक तर थोड्याच वेळांत झेल्डेला लिंकची तलवार सांपडते, आणि एक निळी शक्ति पुरेल तोंवर ती तलवारबाज होऊं शकते. म्हणजे राजकन्येची विद्या अपुरी पडलीच तर कोपऱ्यांत लिंक आहेच! दुसरें याहून वाईट. इतर खेळांतून ही राजकन्या बोलत आली. आज्ञा देत आली, विनोद करीत आली, एकदां तर तिनें स्वतःच्या नालायकीबद्दल अश्रु ढाळले. नायिका होतांच तिच्या तोंडचे संवाद जवळजवळ संपले. लिंक मुका, म्हणून त्याच्या आसनावर बसणारीहि मुकी. आसन दिलें आणि जीभ काढून घेतली, असा हा व्यवहार झाला.

शेक्सपिअरच्या वाचकांस हें नवें नाहीं. 'चौथा हेन्री' या नाटकाच्या दोन भागांत फॉल्स्टाफ हा दुय्यम, पण सारें रंगस्थल व्यापणारा. त्याला प्रेमांत पडलेला पाहण्याची इच्छा एलिझाबेथ राणीनें दर्शविली आणि त्यासाठीं 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' लिहिलें गेलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचें कांहीं असो, तेथें मध्यभागीं आलेला फॉल्स्टाफ कपड्यांच्या टोपलींत कोंबला जाऊन नदींत फेंकला जातो. हा तो फॉल्स्टाफ नव्हेच, असें ब्रॅडले यांच्यासारख्या टीकाकारांनीं म्हटलें तें उगाच नव्हे. राजपुत्र समोर नसतां त्या लठ्ठ म्हाताऱ्याच्या बुद्धीला खुंटाच उरत नाहीं.

मिडनाची गोष्ट अशीच आहे. 2006 सालच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्यें लांडगा झालेल्या लिंकच्या पाठीवर बसून ती त्याला टोचून बोलते, हुकूम सोडते, आणि आपण कोण हें बराच काळ लपवून ठेवते. तिची सारी मोहिनी पाठीवरून बोलण्यांत आहे. तिला खालीं उतरवून रस्त्यानें चालावयास लावा, तिचें मन पहिल्या घटकेपासून उघडें करा, कीं उरेल ती एक सामान्य पदच्युत राजकन्या. इंपेविषयीं तर आम्ही स्पष्टच बोलूं. स्वामिनिष्ठ, चपळ, धीराची. पण तिचें शस्त्र लिंकचेंच, फक्त हात निराळा. 2014 सालच्या 'हायरूल वॉरियर्स'मध्यें ती खेळावयास मिळाली, आणि फरक काय पडला हें सांगतांना थोरल्या भाच्याची त त प प झाली. राहिला गॅनन्डॉर्फ. 'विंड वेकर'च्या शेवटीं तो आपल्या रुक्ष वाळवंटी मुलुखाविषयीं, तेथल्या मरण आणणाऱ्या वाऱ्याविषयीं जें थोडेंसें बोलतो तें ऐकून भाचीला त्याची दया आली, ही तिच्या चांगल्या मनाची खूण आहे. परंतु भासानें 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला नायक केलें तें एका अंकापुरतें, आणि तेंहि मांड्या मोडल्यावर. गॅनन्डॉर्फला तेवढाच एक अंक द्यावा. आमची हरकत नाहीं.

आमचें अशील एकच, झेल्डा. आणि 2024 सालीं तिला दिलें गेलेलें आम्ही अपुरें मानतों. 2023 सालचा 'टिअर्स ऑफ द किंगडम' ज्यांनीं पाहिला असेल त्यांनीं आठवून पाहावें. तेथें झेल्डा अतिप्राचीन काळांत जाऊन पडते, परतीची वाट नाहीं असें तिला कळतें, आणि मोडलेली तलवार पुन्हां तेजस्वी व्हावी म्हणून ती एक मणि गिळून नाग होते: स्मृति, देह, नांव सारें गमावून युगानुयुगें आकाशांत भ्रमण करीत राहते. साऱ्या मालिकेंत याहून थोर कृत्य कोणीं केलेलें नाहीं. आणि त्या वेळीं आपल्या हातीं कोण? आळंबीं गोळा करणारा लिंक. झेल्डेचा तो त्याग आपण जमिनीवर काढलेल्या रेखाकृति शोधून, तुकड्यातुकड्यांनीं, चित्रासारखा पाहतों.

ही चूक सुधारावी म्हणून 2025 सालीं 'एज ऑफ इम्प्रिझनमेंट' निघाला. काळ तोच, झेल्डा हातीं आलेली. पण जात कोणती? एका फटक्यासरशीं शत्रूंचे थवे लोळविण्याची! जी बाई वाट पाहत होती, वाचीत होती, विचारीत होती, मनाशीं एक भयंकर निश्चय करीत होती, तिला सैन्यें कापीत सुटावें लागलें. भूमिका मोठी झाली, पण ती भूमिका तिची नव्हती.

यावर विरुद्ध पक्षाचा एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. लिंक या नांवाचा अर्थच दुवा. तो खेळणाऱ्याचा प्रतिनिधि म्हणून रिकामा ठेवलेला आहे, आणि झेल्डेसारखें भरलेलें पात्र हातीं घेतां येत नाहीं, असें हे लोक म्हणतात. पण लुइगी काय रिकामा आहे? त्याचें भय आपल्या बोटांपर्यंत येतें तें तो भरलेला आहे म्हणूनच. रिकाम्या भांड्यांतच पाणी राहतें खरें, परंतु सगळीं भांडीं रिकामींच ठेवण्याचा हट्ट कां?

तेव्हां पुढचा खेळ जेव्हां केव्हां निघेल, तेव्हां राजकन्येला तिची वाचा परत मिळावी. तिच्या हातीं ग्रंथ असावे, यंत्रें असावीं, चुकणारे प्रयोग असावे. तिनें तोंड उघडून प्रश्न विचारावे आणि त्या प्रश्नांनीं दारें उघडावीं. भाची म्हणते, असा खेळ कोणी विकत घेणार नाहीं. लुइगीच्या केर ओढण्याच्या यंत्राविषयींहि असेंच कोणीतरी म्हटलें असेल. 2019 सालचा त्याचा तिसरा खेळ एक कोटीहून अधिक खपला. तलवार मात्र लिंकपाशींच राहूं द्यावी.