वराडचा नातू पंतप्रधान झाला. वेल्ह्याचा पंचायत सदस्य कुठे अडतो?

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड हे गाव एका दिवसात सगळ्या मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ते आईवडिलांसह वराडला येऊन गेले, तेव्हा तर ग्रामस्थांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्या आनंदाला आमची हरकत नाही. आपल्या गावच्या लेकराचे कौतुक गावाने करायचे नाही तर कुणी करायचे? परंतु मराठी माणसाने साता समुद्रापार झेंडा रोवला, असे मथळे देणाऱ्या आमच्या प्रस्थापित पत्रकारांनी एक प्रश्न सोयीस्करपणे टाळला. परक्या मातीतून आलेल्या डॉक्टरचा, सावळ्या रंगाचा मुलगा नगरसेवकापासून पंतप्रधानापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी चढला? आणि त्या पायऱ्या भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यात का नाहीत?

आधी त्या गृहस्थांची वाटचाल पाहू. डॉ. अशोक वराडकर १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे मिरियम या आयरिश परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि १९७३ साली हे कुटुंब आयर्लंडला स्थायिक झाले. लिओ यांचा जन्म १९७९ चा, डब्लिनचा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच, वयाच्या विसाव्या वर्षी, १९९९ साली त्यांनी स्थानिक निवडणूक लढवली आणि ते सपाटून पडले. २००३ साली फिंगल कौंटी कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी झाली, तिच्यावर फिन गेल पक्षाने त्यांना घेतले. आपल्याकडे स्वीकृत सदस्य असतो तसेच काहीसे. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, कॅसलनॉक प्रभागातून ते ४,८९४ पहिल्या पसंतीच्या मतांनी निवडून आले. त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकांत पहिल्या पसंतीची इतकी मते देशभरात दुसऱ्या कुणालाही नव्हती. २००७ साली डब्लिन वेस्ट मतदारसंघातून ते डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, गेले. २०११ साली वाहतूकमंत्री, २०१४ साली आरोग्यमंत्री, २०१७ साली पंतप्रधान. २०२० पर्यंत आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ असे दोनदा त्यांनी हे पद भूषवले. मंत्री असताना, जानेवारी २०१५ मध्ये, आपण समलिंगी असल्याचे त्यांनी रेडिओवर जाहीरपणे सांगितले आणि तरीही लोकांनी त्यांना घरी बसवले नाही.

या कर्तबगारीत व्यक्तीचा वाटा आहेच. पण केवळ कर्तबगारीवर माणसे वर जातात, हे आम्ही कधीच मान्य केलेले नाही. तसे असते तर आमच्या वाड्या-वस्त्यांतून निम्मे मंत्रिमंडळ उभे राहिले असते. वराडकरांच्या मागे आयर्लंडची मतदानाची पद्धत उभी होती, आणि तीच इथे समजून घेण्यासारखी आहे.

तिथे एका मतदारसंघातून एक नव्हे, तर तीन, चार किंवा पाच खासदार निवडून येतात. मतदार फुली मारत नाही. उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. तीन जागा असतील तर एकूण वैध मतांच्या पावहिश्शाहून एक मत जास्त मिळाले की उमेदवार निवडून येतो. चार जागा असतील तर पाचव्या हिश्शाहून एक जास्त. विजयी उमेदवाराला कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते आणि तळाशी राहून बाद झालेल्या उमेदवाराची मते मतदाराच्या पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. मत सहसा वाया जात नाही. २००७ मध्ये डब्लिन वेस्टमध्ये तीन जागा होत्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या पक्षांना मिळाल्या. २०२० मध्ये तर खुद्द पंतप्रधान वराडकर आपल्या मतदारसंघात पहिल्या क्रमांकावर नव्हते. पहिला क्रमांक शिन फेनच्या उमेदवाराने पटकावला आणि वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले. आपल्याकडच्या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार थेट घरी जातो.

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. भोर म्हणजे पंतसचिवांचे जुने संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. वेल्हे म्हणजे तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याचा डोंगरी तालुका. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्याचे नाव राजगड ठेवण्याचा निर्णय घेतला. (नाव बदलायला मंत्रिमंडळाला वेळ मिळतो, एवढेच आम्ही नोंदवून ठेवतो.) भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांच्या उरावर बांधली गेली. पाणी खालच्या उसाला आणि पुणे शहराला गेले. सत्तेचा उतारही पाण्यासारखाच राहिला.

भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके येतात. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून कातकऱ्यांच्या झापांपर्यंत सगळ्यांचा मिळून एकच आमदार. अनंतराव थोपटे इथून सहा वेळा आमदार झाले, त्यांचे चिरंजीव संग्राम थोपटे २००९, २०१४ आणि २०१९ असे तीन वेळा. २०२४ मध्ये अजित पवार गटाच्या शंकर मांडेकरांनी त्यांचा पराभव केला आणि एप्रिल २०२५ मध्ये थोपटे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. लोकसभेला हा भाग बारामतीत. तिथे २००९ पासून सुप्रिया सुळे खासदार आहेत. त्या २००६ मध्ये आधी राज्यसभेत गेल्या. जिल्हा परिषदेची पायरी त्यांना चढावी लागली नाही. आम्ही कुणाच्या व्यक्तिगत योग्यतेवर बोट ठेवत नाही. मुद्दा एवढाच की, या दोन तालुक्यांत वर जाण्याची वाट घराण्याच्या अंगणातून जाते.

मग पंचायत राज कशासाठी आले? १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ पासून राज्यात महिलांचा वाटा निम्मा झाला. यामुळे गावोगावच्या बौद्ध, मातंग, चर्मकार, महादेव कोळी, कातकरी स्त्री-पुरुषांना पहिल्यांदाच पंचायतीच्या खुर्चीवर बसता आले. हे यश मोठे आहे आणि ते बाबासाहेबांच्या संघर्षाचे फळ आहे. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे आम्हाला सवर्णांच्या हाती देणे होय, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. गावाचे गोडवे गाणाऱ्यांच्या ते पचनी पडले नाही.

पण पहिल्या पायरीनंतर काय? पंचायत समितीचा गण एकदा अनुसूचित जातीसाठी राखीव होतो, पाच वर्षांनी सोडत निघते आणि आरक्षण दुसरीकडे सरकते. पाच वर्षे रस्ता, अंगणवाडी, नळयोजना यांच्यामागे धावून जी बाई लोकांना माहीत झाली, तिला त्याच जागेवर पुन्हा उभे राहायचे तर खुल्या जागेवर, गावच्या पाटील-देशमुखांच्या पोरासमोर. त्यात जातवैधता प्रमाणपत्राची टांगती तलवार. मुदतीत कागद आला नाही की निवडून आलेले पद जाते. आणि समजा, या सगळ्यातून ती तरली, पंचायत समितीची सभापतीही झाली, पुढे कुठे? पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या २१ जागा, त्यातल्या अनुसूचित जातींसाठी राखीव दोनच: पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. दोन्ही शहरातल्या. अनुसूचित जमातीसाठी एकही नाही. लोकसभेच्या चारही जागा खुल्या. म्हणजे वेल्ह्याच्या मागासवर्गीय सभापतीला आमदार व्हायचे असेल तर तिने आपला तालुका सोडून शहर गाठावे किंवा खुल्या जागेवर एखाद्या घराण्याने दिलेल्या तिकिटाची वाट पाहावी.

पहिली पायरीही अलीकडे शाबूत राहिली नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले. त्या मुदतीतही त्या झाल्या नाहीत. ज्या काळात एखादा विशीतला कार्यकर्ता आपली पहिली निवडणूक हरून दुसरी जिंकू शकला असता, तो सारा काळ अधिकाऱ्यांच्या सह्यांत गेला.

बारामती लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा आहेत: दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला. आज या सहाही जागांवर ज्याची मते सर्वांत जास्त, तो आमदार. आता कल्पना करा, या सहा जागा एकत्र केल्या आणि मतदाराने पसंतीक्रम दिला. निवडून यायला लागतील साधारण चौदा टक्के मते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि अनुसूचित जमाती ९.४ टक्के आहेत. भोरचा बौद्ध, वेल्ह्याचा कातकरी, इंदापूरचा मातंग यांची मते आज सहा ठिकाणी विखुरतात आणि सहाही ठिकाणी विरघळून जातात. ती एका उमेदवारामागे जमली आणि त्यात मुस्लिम, भटके-विमुक्त, गरीब मराठा मतदारांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची भर पडली, तर एक आमदार कुणाच्या मेहेरबानीशिवाय निवडून येतो.

ही पद्धत आमच्या इतिहासाला परकी आहे काय? १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची वाताहत झाली होती आणि मुंबईतून बाबासाहेबांना संविधान सभेत जाता येईना. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. ती निवडणूक नेमक्या याच पसंतीक्रमाच्या पद्धतीने झाली होती. उलट १९५२ साली थेट निवडणुकीत, उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात, नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी पाडले. मते कुजवण्याचा शब्द चळवळीला तेव्हापासून चांगला ठाऊक आहे. त्याच वर्षी बाबासाहेब राज्यसभेत गेले, तेही पसंतीक्रमाच्या मतांनी. ज्या माणसाने संविधान लिहिले त्याला सभागृहाचे दार कोणत्या पद्धतीने उघडले आणि कोणत्या पद्धतीने बंद झाले, हे आमच्या कार्यकर्त्यांनी एकदा शांतपणे पाहावे.

पुढचा इतिहासही तेच सांगतो. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. काँग्रेसशी समझोता होता, मते वळली. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने राज्यात सुमारे सात टक्के मते मिळवली आणि वंचितच्या स्वतःच्या उमेदवारांपैकी एकही जिंकला नाही. वर शिवी कोणती? मते खाणारे, भाजपची बी टीम! आयर्लंडमध्ये ही शिवी देताच येणार नाही. तिथे लहान पक्षाला पहिली पसंती देणारा मतदार आपली दुसरी पसंती स्वतः ठरवतो. आपल्याकडे ती मुंबईतल्या जागावाटपाच्या टेबलावर नेते ठरवतात, आणि टेबल मोडले की सात टक्के माणसे बेदखल होतात.

कुणी म्हणेल, आपल्या अडाणी मतदाराला १, २, ३ झेपणार नाही. पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात भोर-वेल्ह्याचे पदवीधर आणि गुरुजी विधान परिषदेसाठी २०२० मध्येही आकडेच लिहून आले. म्हणजे पदवीधराला दुसरी पसंती असते आणि कातकरी बाईला नसते काय? आयर्लंडमध्ये तरी १९५९ आणि १९६८ अशी दोनदा सत्ताधाऱ्यांनी ही पद्धत मोडून आपल्यासारखी पद्धत आणायचा घाट घातला. दोन्ही वेळा जनतेने सार्वमतात तो हाणून पाडला.

तरीही आयर्लंड म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही. वराडकर डॉक्टरांचे चिरंजीव, खासगी शाळेत शिकलेले, ट्रिनिटी कॉलेजचे पदवीधर. समाजकल्याण खाते त्यांच्याकडे असताना, २०१७ मध्ये, सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जी जाहिरात मोहीम काढली, ती गरिबाकडे चोर म्हणून पाहणारी होती. आणि त्याच देशात ट्रॅव्हलर नावाचा भटका समाज आहे. लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास, अवहेलना आमच्या पारध्यांसारखी. त्यांच्यातला एकही माणूस डॉलमध्ये निवडून गेलेला नाही. २०२० मध्ये आयलीन फ्लिन यांना वरिष्ठ सभागृहात नेमण्यात आले, ती या समाजाची संसदेतली पहिली व्यक्ती. पसंतीक्रमाने परदेशी डॉक्टरचा मुलगा वर गेला, पालातला माणूस गेला नाही. म्हणून राखीव जागा सोडून ही पद्धत घ्या, असे कुणी सुचवू लागला तर त्याच्यापासून सावध राहावे. आम्हाला दोन्ही हवे.

१९५२ आणि १९५७ मध्ये याच संविधानाखाली एकाहून अधिक सदस्यांचे मतदारसंघ होते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ संपवले. आता जनगणना होऊ घातली आहे, तिच्यात जातींची नोंदही होणार आहे आणि तिच्या पाठोपाठ मतदारसंघांची फेररचना येईल. कोणत्या राज्याला किती जागा, यावर दिल्लीत भांडण सुरू आहे. मतदारसंघात सदस्य किती आणि मत कसे मोजायचे, यावर मात्र आमच्या एकाही गटाने निवेदन दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. दिल्ली दूर असेल तर जिल्हा परिषदेपासून सुरुवात करता येते. तो कायदा मुंबईच्या विधिमंडळाच्या हातात आहे. ग्रामपंचायतीचे प्रभाग आजही दोन-तीन सदस्यांचे असतात, फक्त प्रत्येक जागेचे मत वेगळे मोजतात. भोर-वेल्ह्याचे गट एकत्र करून, राखीव जागा कायम ठेवून, पसंतीक्रमाने एक निवडणूक घ्या, अशी मागणी रिपब्लिकन पक्षाच्या सर्व गटांनी आणि वंचितने एकाच निवेदनावर सह्या करून पुढच्या अधिवेशनाआधी द्यावी. त्यासाठी आधी आपसात युती झालीच पाहिजे असेही नाही.