झाकण उघडण्याचा हक्क

दौंड तालुक्यात कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधे तयार होतात. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर उसात आणि खुरपणीत हयात घालवलेल्या आमच्या म्हाताऱ्या आयांना मात्र त्या औषधांचे पाकीट फोडता येत नाही! वाकलेल्या बोटांनी स्ट्रिप फुटत नाही, सिरपचे झाकण फिरत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबांची कुपी दाबली जात नाही. मग कात्री चालते आणि औषधाचे नाव, मुदतीची तारीख कचऱ्यात जाते.

सरकारने 2017 मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आणली. काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यादीत आले. झाकण उघडण्याचे साधे साधन आले नाही. ते बनवणे अवघड आहे काय? रबराची पकड आणि लांब दांडा. दांडा जितका लांब, तितका जोर कमी. तालुक्यातील आयटीआयची पोरे ते करतील, फक्त माप त्या बायांच्या हाताचे घ्यावे.

अमेरिकेत 1970 च्या कायद्याने लहान मुलांना उघडू नयेत अशी झाकणे आली. ती वृद्धांनाही उघडेनात, तेव्हा 1995 मध्ये चाचणीचे नियम बदलून 50 ते 70 वयाची माणसे चाचणीला बसवली गेली. दोष झाकणाचा मानला, हातांचा नव्हे.

आमच्याकडे याला दया म्हणतात. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 43 वाचा: दिव्यांगांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंचे उत्पादन आणि वितरण यांना चालना देणे ही शासनाची जबाबदारी आहे. शिरूर आणि दौंडच्या कार्यकर्त्यांनी या कलमाचा उल्लेख करून ग्रामसभेत ठराव मांडावेत. अर्जाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.