कृषिकन्येला विचारा, ‘कशावरून?’

पावसाळ्यात कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुलं-मुली गावात मुक्कामाला येतात. त्यांना आपण कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो. पुस्तकातली शेती बांधावर येऊन पाहावी, म्हणून रंधावा समितीने अशा ग्रामीण कार्यानुभवाची शिफारस केली होती. मुलं बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचे नमुने घेतात. आपण चहा देतो, फोटो काढतो, वहीवर सही करतो. एवढ्यावर थांबलं, तर त्यांचंही नुकसान आणि आपलंही.

आता या मुलांच्या हातात फोन असतो. वेगवेगळ्या गावांत विखुरलेले वर्गमित्र आणि त्यांचे शिक्षक एकाच गटात असतात. समजा, एका कृषिकन्येने पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा फोटो गटावर टाकला. पाच मिनिटांत उत्तर येतं, “लोहाची कमतरता, हिराकस फवारा.” बाकीचे अंगठा दाखवून मोकळे! पण फवाऱ्याचा खर्च अंगठा दाखवणाऱ्याच्या खिशातून जात नाही, तुमच्या-आमच्या जातो.

इथे जाणते शिक्षक उत्तर देत नाहीत, उलट विचारतात. पिवळं पान शेंड्याचं की बुडाचं? शिरा हिरव्या आहेत का? सगळं रान पिवळं, की ठिकठिकाणी पट्टे? शेतात पाणी साचलं होतं का?

प्रश्न साधे, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या वाटेने नेतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची शंका. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. बुडाची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्राची. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके, तर पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते. तिथे हिराकस काय करणार? रोगट झाडं वेळीच उपटावी लागतात. आणि पाणी साचलं असेल, तर मुळांना हवाच मिळत नाही. तिथे आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं नि वापसा येऊ द्यायचा.

मग ती पोर पुन्हा शेतात जाते, वाकून पान उलटून पाहते. पाणी कुठे साचलं होतं हे खुरपणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक? ते तिलाच विचारावं लागतं. दुसऱ्या गावचा मुलगा गटावर सांगतो, “आमच्याकडे असंच दिसलं, पण कारण वेगळं निघालं.” इथे विद्या पक्की होते. उद्या हीच मुलं कृषी अधिकारी होतील, कृषी सेवा केंद्रं चालवतील. आज विचारायची सवय लागली, तर उद्या ती नुसत्या फोटोवरून औषध लिहून देणार नाहीत.

तेव्हा घरधनी आणि घरधनीण, दोघांनी एवढं करावं. मुलांनी सल्ला दिला की मायेनेच विचारावं, “बाळा, हे कशावरून?” उत्तर आलं नाही तर हसू नये, “गटावर विचार, उद्या सांग,” म्हणावं. आपला अनुभवही तिथे मांडायला लावावा, आणि तो चुकीचा ठरला तर रागावू नये. शंका फिटेपर्यंत पंप खांद्यावर घेऊ नये.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपण म्हणतो. मधे एक पायरी घाला: पाहावे शिवाराचे.