स्वस्ताईची लाज आणि नॅनोचा अंत

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावरील वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी एका चिमुकल्या मोटारीचे अनावरण केले, तेव्हा साऱ्या देशाने टाळ्या वाजविल्या. भर पावसात एकाच स्कूटरवरून निघालेले चौघांचे कुटुंब पाहून अशा कुटुंबांसाठी छप्पर असलेले, परवडणारे वाहन करावे असे त्यांच्या मनाने घेतले, ही त्यामागची हकिकत घराघरांत सांगितली गेली. टाटांच्या अभियंत्यांनी दोन सिलिंडरांचे ६२४ सीसीचे इंजिन गाडीच्या मागील बाजूस बसवून, एक लाख रुपयांच्या मूळ किमतीत चार माणसांची मोटार उभी केली. जगातील बलाढ्य वाहन कंपन्यांना जे जमले नव्हते, ते भारतीय बुद्धीने करून दाखविले होते. एप्रिल २००९ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी नॅनोसाठी नोंदणी केली.

आणि पुढे? जून २०१८ या संपूर्ण महिन्यात नॅनोचे उत्पादन झाले अवघ्या एका गाडीचे. वर्षाला अडीच लाख गाड्या काढता याव्यात म्हणून गुजरातेत साणंद येथे उभारलेल्या कारखान्याच्या नशिबी हे आले! त्यानंतर नॅनो इतिहासजमा झाली. एका दशकात असे काय घडले, याचा विचार वाहन उद्योगाच्या अभ्यासकांवर सोपवून चालणार नाही. तो प्रश्न मध्यमवर्गाच्या मनाचा आहे.

कारणे आणि सबबी

नॅनोच्या अपयशाची कारणे सांगणाऱ्यांपाशी यादी तयार असते. पश्चिम बंगालमधील सिंगूरच्या जमिनीचा वाद चिघळला, ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प तेथून हलवावा लागला आणि ऐन उत्साहाचा काळ वाया गेला, हे खरे आहे. पुढे काही गाड्यांना आगी लागल्या आणि ग्राहकांच्या मनात भीती बसली, हेही खरे. परंतु सर्वांत जास्त मिरविले जाते ते सुरक्षिततेचे कारण, आणि तेच नेमके टिकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांची अपघात-चाचणी घेतली. तीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नॅनोला एकही तारा मिळाला नाही. पण तो उरलेल्या चौघींनाही मिळाला नाही! त्यांत मारुतीची अल्टो होती, ह्युंदाईची आय-टेन होती, फोर्डची फिगो होती आणि जर्मन फोक्सवॅगनची पोलोसुद्धा होती. तरीही अल्टो त्या काळात देशात सर्वाधिक खपणारी गाडी राहिली. शून्याला शून्यच मिळाले असताना एक शून्य दारात शोभते आणि दुसरे शोभत नाही, हा न्याय सुरक्षिततेचा नव्हे.

खरे कारण बोलून दाखविण्याची कोणाची तयारी नव्हती. ‘नॅनो घेतली? म्हणजे दुसरी परवडली नाही वाटते!’ या एका वाक्याच्या धास्तीने गाडी मेली. सोसायटीच्या वाहनतळावर आपली गाडी सर्वांत स्वस्त म्हणून ओळखली जाईल, मुलांच्या शाळेबाहेर ती उभी करावी लागेल, मुलीच्या सासरी तिच्यातून उतरावे लागेल, या कल्पनेनेच लोकांचा धीर खचला. ‘सर्वांत स्वस्त मोटार’ असा शिक्का बसू देण्यात चूक झाली, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केले. पण ज्या समाजात ‘स्वस्त’ हा शब्दच शिवीसारखा लागतो, त्या समाजाने स्वतःला काही विचारायचे की नाही?

‘आपली’ गाडी ते ‘माझी’ गाडी

हाच समाज नेहमी असा होता काय? १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीतून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिरविणाऱ्या या वाहनासाठी लोकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढली. त्यात परवाना-राज्याची सक्ती होती, निवडीला वाव नव्हता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही त्या काळात एक गोष्ट घडली. बँकेतला कारकून आणि त्याचा साहेब एकाच वाहनावरून कचेरीत येत. १९८९ च्या जाहिरातीने त्या स्कूटरला ‘हमारा’ म्हटले आणि ते देशाला पटले, कारण ती खरोखरच सर्वांची होती.

१९९१ नंतर निवडीचे स्वातंत्र्य आले. ते यायलाच हवे होते. पण निवड करताना गरज पाहावी की शेजाऱ्याचे दार, हे कोणते धोरण शिकविणार? आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक धिप्पाड ‘एसयूव्ही’ जातीच्या आहेत. शनिवार-सदाशिव पेठेच्या बोळांत, डोंबिवलीच्या अरुंद रस्त्यांवर हे हत्ती एकमेकांना वाट देऊ शकत नाहीत. आत बहुधा एकटाच मनुष्य बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर सात वर्षांचे हप्ते. तो स्वतःला स्वार समजतो. प्रत्यक्षात गाडीच त्याच्या मानगुटीवर बसलेली असते.

आपल्या परंपरेने वाहनाचा विचार फार निराळा केला आहे. विद्येचा अधिपती, अग्रपूजेचा मानकरी गणपती. त्याचे वाहन उंदीर. देवाधिदेव महादेवाचे वाहन शेतकऱ्याच्या गोठ्यातला नंदी. वाहनावरून योग्यता ठरली असती, तर या दोघांना देव्हाऱ्यात जागा मिळाली नसती. धनाधिपती कुबेर मात्र नरवाहन! संपत्तीचे ओझे अखेर माणसाच्याच खांद्यावर येते, हे पूर्वजांनी ओळखले होते. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना ही जाणीव ठेवली, तर ती पूजा. नाहीतर तो केवळ देखावा.

स्वदेशीची कसोटी

याच कथेची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. नॅनोचे अनावरण झाले त्याच वर्षी, जून २००८ मध्ये, टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या विकत घेतल्या. त्या खरेदीने मध्यमवर्गाची छाती अभिमानाने फुगली. एकाच भारतीय समूहाने साहेबाची गाडी विकत घेतली तेव्हा गौरव आणि आपल्या माणसांसाठी गाडी घडविली तेव्हा संकोच! लोकमान्यांनी चतुःसूत्रीत स्वदेशीला स्थान दिले, त्यात परदेशी मालाचा त्याग जितका होता, तितकाच देशी श्रमाविषयीचा आदरही होता. जाडाभरडा कपडा अंगावर मिरविण्यात त्या पिढीला लाज वाटली नाही, कारण तो आपल्या माणसाने विणलेला होता. ती ओळख आतून आलेली होती. आजची ओळख बोनेटवरच्या चिन्हातून येते आणि पुढचे मॉडेल बाजारात आले की शिळी होते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा गेले. त्या रात्री लाखो मोबाइलवर पावसातल्या त्या कुटुंबाची गोष्ट फिरली आणि डोळे पाणावले. त्या श्रद्धांजलीत खोटेपणा नव्हता. पण ती वाहणाऱ्यांपैकी किती जणांच्या दारात कधी नॅनो उभी राहिली होती?

ते कुटुंब मात्र आजही रस्त्यावर आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. बाप, आई, पुढे उभे राहिलेले एक पोर आणि मध्ये दाबून बसलेले दुसरे. पावसाळ्यात हे चित्र कोणत्याही चौकात दिसते. त्यांच्या डोक्यावर छप्पर घालण्याचा एक प्रामाणिक भारतीय प्रयत्न झाला होता. तो प्रयत्न अपुरा असेल, सदोषही असेल. पण त्याला सुधारण्याची संधी मिळाली नाही, कारण परवडणाऱ्यांना त्याची लाज वाटली आणि त्यांची लाज पाहून गरजवंतही मागे फिरला. येत्या पाडव्याला वा दसऱ्याला ज्या घरांत नव्या गाडीचा विचार चालला असेल, तेथे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न एकदा तरी बाजूला ठेवला जावा. आपल्या गरजेएवढे, आपल्या ऐपतीतले आणि आपल्या माणसांनी घडविलेले वाहन ताठ मानेने दारात उभे करणे, हीही देशसेवाच आहे.