‘सेव्ह’ या कळीविषयी

अर्ज टंकलिखित करून देणाऱ्या छोट्या दुकानांत एक प्रसंग वारंवार घडतो. नव्या ग्राहकाचा अर्ज तयार करण्यासाठी दुकानदार जुन्या ग्राहकाच्या अर्जाची फाइल उघडतो, नाव-पत्ता बदलतो आणि सवयीने ‘सेव्ह’ची कळ दाबतो. पहिला अर्ज नाहीसा होतो. त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. अशा वेळी सगळे त्या माणसाच्या निष्काळजीपणाला दोष देतात. मला तो निवाडा घाईचा वाटतो.

फाइल काढून टाकणे आणि फाइलवर दुसरे काही लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयाच्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढले, तरी पुस्तक कपाटात असतेच. काढून टाकलेल्या फाइलचा मजकूरही असाच हार्ड डिस्कवर पडून राहतो. त्याच जागी दुसरी माहिती लिहिली गेली, की मात्र तो संपतो. पाटीवर निदान पुसट खुणा उरतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक चर्मपत्री प्रत तेराव्या शतकात खरवडून तीवर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. तरीही अलीकडे क्ष-किरणांच्या साहाय्याने तिच्यातील पुष्कळ मजकूर वाचता आला. हार्ड डिस्कवरही अशा खुणा उरत असाव्यात, असे पीटर गटमन या संगणकशास्त्रज्ञाने १९९६ साली मांडले होते. ती आशा टिकली नाही. एकदाच वर लिहिले गेले, तरी आधीचा मजकूर आधुनिक डिस्कवरून परत मिळवणे व्यवहारात अशक्य आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले.

तरीही एक फट राहते. लेखनाची अनेक सॉफ्टवेअरे जुन्या जागेवर थेट लिहीत नाहीत. ती नवी प्रत अन्यत्र लिहितात आणि मग जुन्या प्रतीची नोंद पुसतात. त्यामुळे जुना मजकूर काही काळ शाबूत असू शकतो. म्हणून चूक लक्षात येताच संगणकावरील काम थांबवावे. हरवलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर भरू नये. ते नेमके त्या मजकुराच्या जागी जाऊन बसायचे! (गडबडीत बहुतेक जण हेच करतात.) एसएसडी असलेल्या संगणकांत एवढीही सवड बहुधा मिळत नाही, कारण मोकळी झालेली जागा एसएसडी आपणहून साफ करते. मग ई-मेलने पाठवलेली प्रत किंवा कागदावरील छपाई शोधणे एवढेच हाती राहते.

‘सेव्ह’ म्हणजे राखणे. राखण्याच्या कळीनेच जुने नष्ट व्हावे, हा काही निसर्गनियम नव्हे. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात ५० मोठ्या तबकड्यांवर मिळून केवळ ५० लाख अक्षरे मावत. त्या काळी जागेची काटकसर अपरिहार्य होती. परंतु १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेली व्हीएमएस ही प्रणाली जुनी फाइल तशीच ठेवून सुधारलेल्या मजकुराची नव्या क्रमांकाची फाइल तयार करी. जुनी नको असेल, तर तशी आज्ञा द्यावी लागे. आज जागा विपुल आहे. इंटरनेटवरील लेखनसेवा जुन्या आवृत्त्या आपोआप राखतात. दुकानातील साध्या संगणकावर मात्र अशी सोय बहुधा मुद्दाम सुरू करावी लागते, आणि ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. हा दोष वापरणाऱ्याच्या माथी कसा मारावा?

यावर एक आक्षेप रास्त आहे. सर्व आवृत्त्या राहिल्या, तर परक्यांचे पत्ते आणि खासगी तपशील दुकानाच्या संगणकात साचत जातील. तो धोका खरा आहे, आणि असे तपशील वेळच्या वेळी काढलेच पाहिजेत. पण ते केव्हा काढायचे, हे ज्याचा अर्ज आहे त्याला विचारून ठरावे. पुढच्या ग्राहकाचा अर्ज लिहिताना ते नकळत होऊन जाणे, ही काही गोपनीयतेची व्यवस्था नव्हे.