जालन्याचा नवा बायपास : आधी ट्रकवाल्याला विचारा, कुठं चाललास

जालनेकर मित्रांनो, पोस्ट जरा लांबली आहे. पण विषय आपल्या रोजच्या खोळंब्याचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा. पटलं नाही तर तसं सांगा, वाद घालायला मी आहेच.

"शहराबाहेरून नवा बायपास काढा, सगळं सुटेल." चहाच्या टपरीपासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत हे वाक्य ऐकू येतं. मीही बायपासच्या विरोधात नाही. पण आधी एक साधी गोष्ट बघा. पाहुण्याला पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? अंबड चौफुली, मंठा चौफुली, राजूर चौफुली. गावातून बाहेर पडणारा रस्ता आणि गावाला वळसा घालणारा रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, तिथं चौफुली होते. म्हणजे हा वळसा कधीकाळी गावाच्या कडेनं होता. आज कुठलंही आंदोलन असो, रास्ता रोको अंबड चौफुलीलाच ठरतो, कारण तिथं थांबवलं की अख्खं शहर थांबतं. कडेच्या रस्त्यावर बसून जर गाव बंद पाडता येत असेल, तर तो रस्ता कडेचा राहिला कुठं?

हे फक्त आपलंच दुखणं नाही. शेजारी संभाजीनगरात बीड बायपास आहे. जड वाहनं शहरात शिरू नयेत म्हणून तो काढला. मग सातारा-देवळाई त्याच्या अंगावर वाढली, मंगल कार्यालयं आली, शाळा आल्या, आणि ट्रकच्या मधून मोटारसायकली घालत लोक दूध आणायला जाऊ लागले. इतके बळी गेल्यावर रुंदीकरण आलं, उड्डाणपूल आले. आणि सोलापूर-धुळे महामार्गासाठी निपाणी ते करोडी असा साधारण ३० किलोमीटरचा दुसराच बायपास काढावा लागला. बायपासला बायपास! पुण्यात कात्रज-देहूरोडचीही तीच गत. नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अपघातात ४८ गाड्या एकमेकांवर आदळल्या, तो रस्ता कागदावर बायपासच होता.

म्हणून माझा पहिला प्रश्न : आपल्या गर्दीतली आरपार जाणारी गाडी कोणती आणि जालन्यातच येणारी कोणती?

मी चौफुलीवर दुकान चालवतो, स्पेअर पार्ट्सचं. दिवसभर नंबरप्लेटा बघतो. एमएच २१ आपली, २० संभाजीनगरची, २८ बुलढाण्याची, २२ परभणीची, २३ बीडची. पण प्लेटवरून गाडी कुठली ते कळतं, कुठं चालली ते कळत नाही. ते ड्रायव्हरला थांबवून विचारावं लागतं. वाहतूकवाले याला ओरिजिन-डेस्टिनेशन सर्व्हे म्हणतात. नाव भारी आहे, काम साधं : कुठून आलास, कुठं चाललास, माल काय.

ते न विचारता नकाशावर रेघ ओढली तर काय होईल ते सांगतो. मुंबई-नागपूरची लांब पल्ल्याची गाडी आता बरीचशी समृद्धीवर गेली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. तो आपल्याच बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जातो. म्हणजे पूर्व-पश्चिमेचा एक मोठा बायपास आपल्याला फुकटात मिळालाय म्हणा ना. तरी गर्दी हटली का? माझ्या दुकानासमोर तर नाही. पुढं जालना-नांदेड द्रुतगती झाला की मंठ्याकडून येणारी आरपार वाहतूकही तिकडं वळेल. उरते ती भोकरदन-सिल्लोडकडून अंबड-बीडकडे जाणारी, उत्तर-दक्षिण. नवा बायपास लागलाच तर तो या दिशेला लागेल, असं माझं मत आहे. मत आहे, हिशेब नाही. हिशेब मोजणीतून येतो.

आणि बाकीचे ट्रक? त्यांना जालना टाळायचंच नाही, जालन्यातच यायचंय. भंगार येतं, सळई जाते, बियाण्यांच्या गाड्या भरतात, मोंढ्यात कापूस, सोयाबीन, मका, मोसंबी. आपलं गाव उगीच सोन्याचा पाळणा म्हणवून घेत नाही, पण त्या पाळण्याची दोरी ट्रक ओढतो. या ट्रकला बायपास काय कामाचा? त्याला समृद्धीच्या इंटरचेंजवरून एमआयडीसीत आणि तिथून ड्रायपोर्टकडे नेणारा सरळ जड रस्ता हवा, आणि माल खाली होईपर्यंत उभं राहायला ट्रक टर्मिनल हवं. टर्मिनल नसेल तर ट्रक रस्त्याच्या कडेलाच उभा राहणार, मग तो रस्ता दोन पदरी करा नाहीतर सहा. ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झालं, आठवतंय ना? तो चालू झाल्यावरची वाहतूक आजच्या मोजणीत दिसणार नाही, ती वेगळी धरावी लागेल.

स्टेशनवरून मामा चौकात जाणाऱ्या आपल्या स्कूटरवाल्यालाही बायपासचा उपयोग नाही. जुना जालना आणि नवा जालना यांच्यामध्ये कुंडलिका आहे, आणि त्याला हवेत नदीवरचे पूल आणि मोकळे फुटपाथ.

आता ज्यांच्या शेतातून रेघ जाते त्यांच्याबद्दल. माझ्या आतेभावाच्या शेतातून काही वर्षांपूर्वी असाच एक रस्ता गेला. कोणता ते सांगत नाही. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू. पण विहीर राहिली अलीकडं आणि रान पलीकडं. खालून पाइप टाकायला परवानगी मागता मागता दोन हंगाम गेले. बैलगाडी वळसा घालून जाते. आणि नळकांडी पूल इतके कमी ठेवले की मोठा पाऊस झाला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं. काळी जमीन ती, चार दिवस पाय ठेवता येत नाही, कपाशी पिवळी पडते. रस्ता म्हणजे शेतातला एक बांधच, कितीतरी किलोमीटर लांब. पाणी कुठून कुठं वाहतं हे मोजणीवाल्यापेक्षा तिथल्या म्हाताऱ्याला जास्त माहीत असतं, पण त्याला विचारतं कोण?

मोबदल्याचंही तसंच. २०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागासाठी बाजारभावाला एक ते दोन गुणांक आहे, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. गुणांक एक की दोन, यावर शेतकऱ्याच्या हातात दुप्पट की चौपट ते ठरतं. समृद्धीला थेट खरेदीत पाचपट दिलं, म्हणून जालना-नांदेडच्या शेतकऱ्यांनी तोच दर मागत आंदोलनं केली. चूक काय त्यात? बांधाला बांध लागून असलेल्या जमिनीला दोन भाव कसे? बायपासची आखणी जाहीर करताना गुणांकही त्याच दिवशी जाहीर करा, म्हणजे निम्मी भांडणं तिथंच संपतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कुणी बोलत नाही, कारण त्यात भल्याभल्यांचे प्लॉट आहेत. आखणीची कुणकुण लागली की कडेची जमीन कोण घेतं ते गावाला माहीत असतं. आधी चुन्याच्या रेघा, मग "बायपास टच" असा बोर्ड, मग गुंठेवारी, ढाबा, लॉन्स. प्रत्येकाला रस्त्यावर स्वतःचं दार हवं. राष्ट्रीय महामार्गाला मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा असते, आणि २००२ च्या कायद्याने महामार्गावर वाट देणं-न देणं महामार्ग प्रशासनाच्या हातात आहे. रस्ता राज्याचा असेल तर त्याचेही नियम आहेत. नियम आहेतच, पाळायचे तेवढे राहिलेत. २०२३ मध्ये आपली नगरपालिका महानगरपालिका झाली, म्हणजे हद्दीतल्या बांधकाम परवानग्यांबद्दल जाब विचारायला पत्ता आहे. बायपासच्या निविदेआधी सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग आणि "इथून थेट वाट मिळणार नाही" असा नकाशा प्रसिद्ध करा. सर्व्हिस रोड नंतर करू म्हणाल तर तो होत नाही, हे बीड बायपासच्या लोकांना जाऊन विचारा.

सरकारी सर्व्हे होईल तेव्हा होईल. येत्या रविवारी पहाटे सहा ते नऊ मी दुकानासमोर वही घेऊन बसणार आहे. मालवाहू गाडी थांबली की तीनच प्रश्न : कुठून, कुठं, काय माल. एकट्याला जमणार नाही, राजूर आणि मंठा चौफुलीला अजून दोघं-तिघं हवेत. कुणी तयार असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. वह्या आणि चहा माझ्याकडून.